शिवारातील पंगत

पौषाचा महिना असावा. जालना जिल्ह्यातील दुधना नदीच्या खोऱ्यात, एखाद्या काळ्याभोर शिवारात पहाटे जाऊन उभे राहावे. रब्बीची ज्वारी पुरुषभर उंच वाढलेली असते. कणसे नुकतीच चिकातून हुरड्यात आलेली असतात. पानांवरचे दव अद्याप सुकलेले नसते. शेताच्या मध्यभागी चार मेढींवर उभारलेल्या माळ्यावर राखणीचा मुलगा घोंगडी पांघरून बसलेला असतो. त्याच्या हाताशी गोफण आणि खड्यांची रास असते. पूर्वेकडे तांबडे फुटते न फुटते तोच आकाशात एक काळसर ढग सरकताना दिसतो. तो ढग एकाएकी वळतो, पातळ होतो, पुन्हा दाट होतो आणि सर कोसळावी तसा ज्वारीवर उतरतो. भोरड्या आल्या! मुलगा उठून आरोळी ठोकतो, गोफण गरगर फिरते, खडा सणसणत जातो. थवा उठतो आणि शेजारच्या शेतात जाऊन बसतो. मग शेजारच्या माळ्यावरून आरोळी ऐकू येते.

फिकट गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची आणि काळ्या पंखांची ही पाखरे साळुंखीच्या कुळातली आहेत. शेतकऱ्याला ती चोर वाटतात आणि त्यात त्याचे काही चुकते असे म्हणता येणार नाही. त्याच्या घरची वर्षाची भाकरी त्या कणसांत असते. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राखण केली नाही, तर कणसाच्या जागी नुसते बोंडूक हाती लागते. तथापि हा चोर कोठून आला, इतर वेळी तो काय खातो आणि त्याला येथे येऊ देणारी व्यवस्था कोणती, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर आधी साऱ्या शिवाराची पंगतच पाहावी लागेल. भोरड्यांकडे आपण शेवटी परत येऊ.

या पंगतीत खरा स्वयंपाकी एकच आहे, तो म्हणजे हिरवे पान. मुळांनी ओढून आणलेले पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू यांपासून, सूर्यप्रकाशाच्या बळावर, पान साखर तयार करते. त्याच साखरेपासून पुढे ज्वारीचा दाणा, हरभऱ्याचा घाटा, कपाशीची सरकी आणि बांधावरचे कुसळी गवत घडते. पानाव्यतिरिक्त शिवारात जे जे हिंडते, उडते वा सरपटते, ते सारे जेवणारे. बैल कडबा खातो, नाकतोडा गवत खातो. नाकतोड्याला सरडा खातो आणि सरड्यावर कापशी घार झडप घालते. चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या या परस्परसंबंधांचा पद्धतशीर विचार मांडला. अन्नसाखळी हा शब्द आज शाळेतल्या मुलांच्याही तोंडी असतो, त्याचे बरेचसे श्रेय त्या ग्रंथाकडे जाते.

आता एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पंगतीत वाढताना पहिल्याला पुष्कळ मिळते आणि शेवटच्याला थोडे उरते, तसाच प्रकार येथेही असतो. नाकतोड्याने खाल्लेले सारे गवत काही नाकतोड्याच्या अंगी लागत नाही. त्यातले बरेचसे त्याच्या उड्या मारण्यात, श्वास घेण्यात आणि विष्ठेत जाते. एका पायरीवरील अन्नशक्तीपैकी साधारणपणे दहावा हिस्साच पुढच्या पायरीला पोहोचतो, असा स्थूल अंदाज आहे. रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन अभ्यासकाने एका लहानशा तळ्याच्या निरीक्षणावरून १९४२ साली या हिशेबाचा पाया घातला. म्हणजे हजार किलो पाल्यावर शंभर किलो कीटक, शंभर किलो कीटकांवर दहा किलो सरडे, आणि दहा किलो सरड्यांवर जेमतेम एक किलो वजनाचे शिकारी पक्षी पोसले जावेत. हे आकडे तंतोतंत नव्हेत, परंतु शिवारात नाकतोडे अगणित आणि कापशी घार क्वचित एखादीच का दिसते, याचा उलगडा त्यावरून होतो.

ज्वारीला लागून हरभऱ्याचे शेत असते. जालना जिल्हा कडधान्यांचा जिल्हा आहे. येथील बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तूर आणि हरभरा यांच्या वाणांविषयीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. हरभऱ्याचे एक रोप अलगद उपटून पाहा. मुळांवर लहान लहान गाठी दिसतील. त्या गाठींत सूक्ष्म जिवाणू राहतात. रोप त्यांना आपली साखर देते आणि ते जिवाणू हवेतला नत्रवायू रोपाला खाता येईल अशा रूपात आणून देतात. येथे कोणी कोणाला मारत नाही. अन्नासाठी एकमेकांवर अवलंबून असणे म्हणजे केवळ एकाने दुसऱ्याला गिळणे, अशी समजूत असेल तर ती या गाठींपाशी सोडून द्यावी.

जमिनीच्या वर मात्र निराळाच देखावा असतो. सायंकाळी मातकट रंगाचा एक पतंग येतो आणि कोवळ्या शेंड्यांवर एकेक करून खसखशीएवढी अंडी घालून जातो. अशी पाचशे, प्रसंगी हजारही अंडी एक मादी घालते. अंड्यातून निघालेली घाटे अळी आधी पाने खरवडते. मोठी झाल्यावर घाट्याला भोक पाडून डोके आत खुपसते, आणि अर्धे शरीर बाहेर लोंबत ठेवून आतला दाणा निवांतपणे खाते. एक अळी आपल्या आयुष्यात तीस-चाळीस घाटे रिकामे करते. पतंगाच्या एका पिढीपासून दुसरी पिढी होण्यास सुमारे चार ते पाच आठवडे पुरतात. पाचशे अंड्यांतून निम्म्या माद्या निघाल्या आणि सगळ्याच जगल्या, तर तिसऱ्या पिढीत किती अळ्या होतील, याचे गणित तुम्हीच करून पाहा. सव्वा लाख हे उत्तर येईल. एवढ्या अळ्यांपुढे हरभऱ्याचे एक पानही शिल्लक राहता कामा नये. परंतु शेत उभे राहते. याचे कारण असे की, अळी जेवावयास बसलेली असतानाच अळीला खाणारेही पंगतीला येऊन बसलेले असतात.

काळा कोतवाल आपली दुभंगलेली शेपटी हलवीत उंच जागी बसतो आणि अळी दिसताच झेप घेतो. साळुंख्या ओळीने चालत रोपांचे बुंधे तपासतात. गायबगळे येतात, चिमण्या येतात. यांना बसावयास जागा हवी, म्हणून जाणते शेतकरी हरभऱ्यात मधूनमधून ज्वारीचे दाणे टाकतात. ती ज्वारीची ताटे पाखरांचे पाट होतात. ज्यांनी ते केलेले नसते, ते इंग्रजी टी या अक्षराच्या आकाराचे काठ्यांचे पक्षीथांबे रोवतात. हेक्टरी पन्नासेक थांबे लावावेत असे कृषितज्ज्ञ सांगतात. एकाच पाखराला ज्वारीच्या शेतात गोफणीचा खडा आणि शेजारच्या शेतात बसावयास पाट, हे पाहून आम्हांला नेहमी गंमत वाटते. परंतु दोन्ही शेतकरी आपापल्या जागी शहाणेच असतात.

पाखरांहून मोठे काम करणारा एक पाहुणा मात्र सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. कॅम्पोलेटिस नावाची एक बारीक गांधीलमाशी कोवळ्या घाटे अळीला शोधून काढते आणि तिच्या शरीरात आपले अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिलू अळीला आतून खात खात वाढते. अळी मरते, आणि तिच्या शेजारी पानावर तांदळाच्या दाण्याएवढा एक करडा कोष उरतो. हरभऱ्याच्या पानावर असा कोष दिसला तर तो चुरगळू नये. त्यातून शेतकऱ्याचा एक बिनपगारी राखणदार निघणार असतो. ट्रायकोग्रामा नावाचा आणखी एक कीटक आहे. तो याहूनही सूक्ष्म असून पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालतो. कित्येक पिकांत तो फार उपयोगी पडतो, परंतु हरभऱ्यात त्याची मात्रा चालत नाही. हरभऱ्याच्या पानांवर जी आंब असते, ती त्याला सोसत नाही. पहाटे हरभऱ्यावर धडपा फिरवून घरोघर जी आंब गोळा करतात, तीच ही. वनस्पतीने स्वतःच्या रक्षणासाठी स्रवलेला रस तिच्या एका मित्रालाच दूर ठेवतो, हे निसर्गातले एक मोठे कोडे म्हणावे लागेल.

आता या शेतावर जहाल विष फवारले म्हणजे काय होते? अळ्या मरतात हे खरे. पण त्यांच्याबरोबर गांधीलमाशी मरते, कोळी मरतात, मावा खाणारे ढालकिडे मरतात. घाट्यात डोके खुपसून बसलेल्या काही अळ्या मात्र वाचतात. वाचलेल्या अळ्यांना अन्न ताबडतोब मिळते, कारण हरभरा समोर उभाच असतो. गांधीलमाशीचे तसे नाही. तिचे अन्न म्हणजे अळी, आणि अळ्याच कमी झाल्यावर तिची संख्या पुन्हा वाढण्यास फार वेळ लागतो. म्हणून फवारणीनंतर पहिली मुसंडी नेहमी किडीचीच असते. खाणारा नेहमी खाद्याच्या मागून येतो. शिवाय ज्या अळ्या विषाला पुरून उरतात, त्यांची संततीही तशीच चिवट निघते. १९८० नंतरच्या काळात भारतात कपाशीवर हीच अळी अनेक विषांना जुमानेनाशी झाली होती. ती कपाशीवर असते, तुरीवर असते, हरभऱ्यावर असते. पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिला कोणते ना कोणते पीक वाढून ठेवलेलेच असते.

याच्या उलट स्वभाव गुलाबी बोंडअळीचा. तिचे जगणे बहुतांशी एकट्या कपाशीवर अवलंबून आहे. बोंडअळ्यांचा प्रतिकार करणाऱ्या बीटी कपाशीला २००२ साली भारतात परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत मराठवाड्याची काळी रानेही त्या वाणाने भरून गेली. प्रारंभी फवारण्या कमी झाल्या आणि शेतकरी सुखावला. परंतु गुलाबी अळीने हळूहळू त्याही विषाशी जुळवून घेतले आणि २०१७ साली महाराष्ट्रात तिने कपाशीचे प्रचंड नुकसान केले. वरून धडधाकट दिसणारी बोंडे फोडावीत तो आत किडका कापूस आणि गुलाबी अळी! तिच्यावरचा एक उपाय अन्नसाखळीच्या ज्ञानातूनच निघाला आहे. डिसेंबरअखेर कपाशी उपटून शेत मोकळे करावे आणि फरदड ठेवू नये, असे शास्त्रज्ञ कळवळून सांगतात. फरदड ठेवली की चार पैसे अधिक मिळतात, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण तीच फरदड अळीला पुढच्या हंगामापर्यंत जगवणारी शिदोरी ठरते. जिचे ताट एकच, तिचे ते ताट काही महिने उचलून ठेवावे, एवढाच त्या सांगण्याचा अर्थ.

रात्र झाली की शिवारात दुसरी पंगत बसते. ज्वारीच्या बुंध्याशी बिळे करून राहणारे उंदीर कणसे कुरतडून खाली पाडतात आणि बिळातल्या कोठारांत साठवतात. पूर्वी दुष्काळाच्या दिवसांत गोरगरीब ही बिळे उकरून कणसे काढीत असत. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिले देते. त्यांच्या मागावर गव्हाणी घुबड, पिंगळा, मुंगूस आणि धामण असतात. गव्हाणी घुबडाचे कान इतके तीक्ष्ण असतात की, गडद अंधारातही नुसत्या खसफशीवरून ते उंदीर अचूक टिपते. धामण तर बिळातच शिरते. असे असूनही धामण दिसली की काठी उचलली जाते. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, अशी एक समजूत आहे. सापाला दूध ओढून पिताच येत नाही, आणि धामण बिनविषारीही आहे. घुबडाचीही तीच कथा. त्याच्या ओरडण्याला अपशकुन मानणाऱ्या घरातल्या कणगीचे राखण तेच करीत असते.

ही सारी उतरंड हिरव्या पानावर उभी आहे, याची प्रचीती जालना जिल्ह्याला २०१२-१३ च्या दुष्काळात फार कठोरपणे आली. पाऊस रुसला. वर्षानुवर्षे लेकरांसारख्या जपलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि कित्येक शेतकऱ्यांना त्या स्वतःच्या हातांनी तोडाव्या लागल्या. वैरण संपली, तेव्हा मराठवाड्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. तळी आटली तेथे शेवाळ गेले, शेवाळाबरोबर मासे गेले, आणि माशांवर जगणारे बगळे दूर निघून गेले.

जनावरांचा विषय निघाला म्हणून पंगतीच्या अगदी शेवटी बसणाऱ्यांविषयी येथेच सांगितले पाहिजे. पूर्वी गावात बैल वा म्हैस मेली म्हणजे तिला गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी नेऊन टाकीत. काही वेळातच आकाशात घिरट्या दिसू लागत. पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडे उतरत आणि पाहता पाहता केवळ हाडे उरत. दुर्गंधी नाही, रोगराई नाही. १९९० नंतर ही गिधाडे एकाएकी नाहीशी होऊ लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकडा नव्याण्णवांहून अधिक नष्ट झाली. कारण कोणालाच कळेना. अखेर २००४ साली पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून ते उघडकीस आले. दुखणाईत गुरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुराच्या मांसात उरत होते आणि ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. गुराचे दुखणे कमी व्हावे, एवढ्याच दयाबुद्धीने ते औषध दिले जात होते. आकाशातल्या पाखराचा विचार करण्याचे तेव्हा कोणालाही कारण नव्हते. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तथापि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पंधरा वर्षांत जे गेले, ते परत येण्यास किती पिढ्या लागतील याचा हिशेब सोपा नाही. दरम्यान त्यांच्या रिकाम्या पाटावर मोकाट कुत्री येऊन बसली आहेत. आणि कुत्री काही गिधाडांसारखी माणसांपासून दूर राहत नाहीत.

जे कोणीच खात नाही, ते मातीत जाते. शेणाचे गोळे करून पुरणारे शेणकिडे, वाळवी, गांडूळ, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्याचे कण कण वेगळे करतात. गेल्या वर्षीच्या धसकटातले जे काही होते, ते पुढील वर्षी ज्वारीच्या मुळाला मिळते आणि स्वयंपाकघरात पुन्हा चूल पेटते.

आता भोरड्यांकडे वळू. या पाखरांचे माहेर आपल्याकडे नाही. पूर्व युरोपापासून कझाकस्तानमार्गे चीनच्या शिनजियांग प्रांतापर्यंत पसरलेल्या गवताळ मुलखात, दगडांच्या कपारींत, त्या अंडी घालतात. तो काळ मे-जूनचा, म्हणजे तेथे टोळांची आणि नाकतोड्यांची पिल्ले गवतावर तुटून पडण्याचा असतो. भोरड्या आपल्या पिलांना तेच टोळ भरवतात. मेंढपाळांचे गवत वाचते, म्हणून त्यांना त्या फार प्रिय आहेत. शिनजियांगमध्ये १९८० नंतर लोकांनी मुद्दाम दगडांचे ढीग रचून आणि भिंती बांधून त्यांना घरटी करावयास जागा करून दिल्या. आपल्याकडे ज्या पाखरासाठी गोफण विणली जाते, त्याच्यासाठी तिकडे घरे बांधली जातात! तेथे हिवाळा उतरू लागला की किडे संपतात. मग हे थवे हजारो किलोमीटर ओलांडून दख्खनच्या पठारावर येतात. येथे आल्यावरही त्या नाकतोडे आणि अळ्या खातातच; पण ज्वारी हुरड्यात आली की ती सोडत नाहीत, हेही तितकेच खरे.

फाल्गुनात ज्वारी काढून होते. कणसे खळ्यावर जातात आणि माळे ओस पडतात. त्याच सुमारास माळांवर आणि ओढ्याकाठी पळस फुलतो. पान एक नाही आणि झाड मात्र केशरी पेटलेले! भोरड्यांचे थवे आता त्या झाडांवर कलकलाट करू लागतात. पळसफुलांतला गोड रस पिण्यासाठी त्या फुलात चोच घालतात, तेव्हा पिवळे पराग त्यांच्या कपाळाला लागतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाला पोहोचतात. पळसाला बी धरते ते अशाच पाहुण्यांमुळे. म्हणूनच कोणी कोणी या पाखरांना पळसमैना म्हणतात. चैत्रात एके दिवशी झाडे अचानक शांत होतात. थवे उत्तरेकडे निघून गेलेले असतात. राखणीच्या मुलाने गोफण घरात खुंटीला अडकवलेली असते, आणि पळसाखाली पडलेली फुले शेळ्या वेचून खात असतात.